उचलता येईल एवढी गाडी

जुलै महिन्यात मुळशीच्या पलीकडे, ताम्हिणीच्या बाजूला, डांबर सोडून डोंगरात शिरणाऱ्या कुठल्याही वाटेवर तासभर उभं राहावं. सुरुवातीला लाल चिकण माती लागते, पुढे शेवाळलेला काळा कातळ, आणि कातळ संपायच्या आत चढ सुरू होतो. शहरातून आलेल्या जड ॲडव्हेंचर गाड्या इथे एकामागून एक आडव्या होतात. गाडी पडण्यात कमीपणा काहीच नाही, मातीत चालवणारा पडतोच. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. गाडी उचलायला तीन माणसं लागतात, उचलल्यावर क्लच जळाल्याचा वास येतो, चढ पुन्हा खालून सुरू करावा लागतो. दुपारपर्यंत माणूस इतका थकतो की पुढची पडझड ही चुकीमुळे नसते, थकव्यामुळे असते. मातीतली गंभीर दुखापत बऱ्याचदा अशा थकलेल्या तासातच होते.

म्हणून दरवर्षी पावसाळा ओसरला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो: हलकी, जुनी डर्ट बाइक कोणती घ्यावी? विचारणाऱ्याला शनिवारी डोंगरात फिरायचं असतं आणि जमलं तर ट्रॅकवर उड्याही मारायच्या असतात. नवीन घेण्याइतके पैसे नसतात, किंवा पाडायची गाडी नवीन कशाला, असा रास्त विचार असतो. या लेखासाठी पुण्याच्या नाना पेठेतल्या आणि नाशिकमधल्या मेकॅनिकांशी, ट्रॅकवर मुलांना शिकवणाऱ्यांशी बोलताना माझं एक मत पक्कं झालं. सीसी, ब्रँड आणि मॉडेलचं साल हे सगळं नंतर बघावं. आधी त्या गाडीला जमिनीवर आडवं करावं आणि एकट्यानं उचलून पाहावं.

काही आकडे समोर ठेवू. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली तेव्हा १८२ किलोंची होती. नियम बदलत गेले तशी ती १९९ किलोंपर्यंत गेली. २०२३ ची हिमालयन ४५० ही १९६ किलोंची आहे. २०१९ मध्ये आलेली हिरो एक्सपल्स २०० दीडशेच्या थोडी वर, आणि २०२५ ची एक्सपल्स २१० ही १६८ किलोंची. २०११ मध्ये हिरोनंच काढलेली, आता बंद झालेली इम्पल्स मात्र १३४ किलोंची होती. फक्त ट्रॅकसाठी बनवलेल्या गाड्या याच्याही बऱ्याच खाली असतात. यामाहाची टू-स्ट्रोक वायझेड१२५ पेट्रोलसह ९५ किलोंची, वायझेड२५०एफ १०६ किलोंच्या आसपास.

हे आकडे वाचताना कंपनीनं वजन पेट्रोल-ऑइल धरून दिलं आहे की कोरडं, ते पाहावं लागतं. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोचं. एक्सपल्सची टाकी १३ लिटरची, म्हणजे टाकी भरली की दहा किलो वाढले, आणि तेही गाडीच्या वरच्या भागात. वर असलेलं वजन खालच्या वजनापेक्षा जास्त छळतं. गाडी कलू लागली की ते तिला खाली खेचतं आणि पाय टेकवून सावरायची संधी हातची जाते.

काट्यावर न दिसणारंही एक वजन असतं. यामाहाच्या २५० आणि ४५० सीसीच्या मोटोक्रॉस गाड्यांत फरक जेमतेम तीन-चार किलोंचा आहे. चालवताना तो कितीतरी मोठा वाटतो, कारण मोठ्या इंजिनातली क्रँक आणि पिस्टन जड असतात. जोरात फिरणारी जड वस्तू आपली दिशा सोडायला तयार नसते. त्यामुळे वळणात ४५० आडवी करायला खांद्यातून जोर काढावा लागतो, आणि तिची ताकद चुकीच्या क्षणी हातात आली तर पुढचं चाक उचललं जातं. आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाहून ४५० घ्यावीशी वाटणाऱ्या नवशिक्याला मी मनापासून सांगेन, तिच्या वाटेला जाऊ नकोस.

महाराष्ट्रात मातीची शर्यत मुळात हलक्या गाड्यांवरच वाढली. डर्ट ट्रॅकच्या शर्यती गावोगावच्या मैदानांवर व्हायच्या तेव्हा तिथे आरएक्स १०० आणि तिच्यानंतरची १३५, सुझुकीच्या शंभर सीसीच्या गाड्या आणि शोगन दिसायच्या. यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, आणि वजन शंभर किलोंच्या आसपास. हेडलाइट, मडगार्ड काढायचे, मागे मोठं स्प्रॉकेट टाकायचं, शॉकअप उंच करून घ्यायचे आणि गाडी मैदानात उतरवायची. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो आणि हेडमध्ये व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन यातलं काहीच नसतं. त्यामुळे कमी वजनात जास्त ताकद मिळायची. धुराचे नियम कडक होत गेले आणि हा वर्ग शोरूममधून नाहीसा झाला.

तिकडे अमेरिकेतही पारडं फोर-स्ट्रोकच्या बाजूला झुकलं. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉस शर्यतीत डग हेन्री यामाहाची प्रायोगिक फोर-स्ट्रोक घेऊन उतरला आणि जिंकला. पुढच्याच वर्षी वायझेड४००एफ बाजारात आली. नियमांनी फोर-स्ट्रोकला जास्त सीसीची सवलत दिली होती, त्यामुळे काही वर्षांत ट्रॅकवर त्यांचंच राज्य झालं. पण यामाहानं आपल्या टू-स्ट्रोक वायझेड कधी बंद केल्या नाहीत. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, कारण अनेक वर्षं इंजिनाची मूळ रचना फारशी न बदलल्यामुळे तिचे पार्ट आजही मिळतात.

आपल्याकडे सुपरक्रॉसला मोठं मैदान नुकतंच मिळालं आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत झाली. ४५० आणि २५० सीसीबरोबर तिथे मुलांचा ८५ सीसीचा वर्गही होता. ट्रॅकबाहेर, लांब पल्ल्याच्या रॅलीतही आपली माणसं पुढे आली: सी. एस. संतोषनं २०१५ साली डकार रॅली ३६ व्या क्रमांकावर पूर्ण केली आणि २०२४ मध्ये हरिथ नोहानं त्याच शर्यतीतला रॅली २ वर्ग जिंकला. या सगळ्यामुळे मातीत उतरू पाहणारी नवी मुलं दिसू लागली आहेत. त्यांच्या हाती पहिली गाडी कोणती पडते, यावर ती टिकतील की हात मोडून घरी बसतील हे बरंचसं ठरतं.

आता ट्रेल आणि मोटोक्रॉसचा फरक. लांबून दोन्हीकडे चिखल उडताना दिसतो, पण गाडीकडून लागणाऱ्या गोष्टी जवळपास उलट्या आहेत. मोटोक्रॉसची गाडी वीस-तीस फूट उडून खाली येण्यासाठी बनलेली असते. तिचे शॉकअप कडक असतात. तीच गाडी भोरच्या खडकाळ वाटेवर हळू चालवली तर प्रत्येक धोंडा थेट मनगटात येतो. तिचे गिअर एकमेकांच्या जवळ असतात, पहिला गिअर उंच असतो, त्यामुळे चालण्याच्या वेगानं चढ चढायचा तर सारखा अर्धा क्लच दाबून ठेवावा लागतो. फ्लायव्हील हलकं असल्यानं थ्रॉटल जरा सोडला की इंजिन बंद पडतं, आणि ते नेमकं चढाच्या मध्यावर. रेडिएटरला सहसा पंखा नसतो, म्हणून हळू चढात पाणी उकळतं. टाकी साधारण सहा लिटरची, स्टँड नाही, दिवा नाही, सीट जमिनीपासून ९५० मिलिमीटरच्या आसपास. साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही पाय एकदम टेकत नाहीत.

उलट एक्सपल्ससारखी ट्रेलची गाडी ट्रॅकवर नेली तर पहिल्या मोठ्या उडीला शॉकअप तळाला धडकतात. तिच्या पुढच्या शॉकअपची हालचाल १९० मिलिमीटर, मोटोक्रॉसच्या गाडीची ३०० च्या आसपास. शंभर-सव्वाशे मिलिमीटरचा हा फरक पाठीच्या मणक्याला कळतो.

दोन्ही एकाच गाडीवर करायचं असेल तर मधला रस्ता आहे, आणि तो मोटोक्रॉसच्या गाडीला मऊ करण्याचा आहे. १२५ किंवा २५० टू-स्ट्रोकला जड फ्लायव्हील लावतात, मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दात्यांनी वाढवतात, हँडगार्ड बसवतात आणि आपल्या वजनाच्या स्प्रिंग टाकतात. स्प्रिंगकडे आपल्याकडे कुणी बघतच नाही याचं मला फार वाईट वाटतं. या गाड्या साधारण ७०-७५ किलोंचा माणूस गृहीत धरून येतात. पंचावन्न किलोंच्या मुलाला किंवा पंच्याण्णव किलोंच्या गृहस्थाला तीच स्प्रिंग चालणार नाही. मापायला टेप आणि दोन मित्र पुरतात. गाडी ठोकळ्यावर उचलून मागच्या चाकाच्या ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्यायचं. मग गाडी खाली घेऊन, हेल्मेट-बुटांसकट पूर्ण तयारीनिशी बसायचं आणि तेच अंतर पुन्हा घ्यायचं. मोठ्या गाडीत फरक शंभर मिलिमीटरच्या आसपास यायला हवा. स्प्रिंग घट्ट-सैल करूनही तो जुळत नसेल तर स्प्रिंग बदलणं आलं.

जुन्या गाडीचा सौदा म्हणजे तिच्या गेलेल्या आयुष्याचा तपास, आणि रस्त्यावरच्या गाडीपेक्षा मातीतल्या गाडीचा तपास अवघड. मोटोक्रॉसच्या गाडीला किलोमीटर मोजणारा मीटरच नसतो, तिचं वय तासांत धरतात. रेसिंग फोर-स्ट्रोकच्या मॅन्युअलमध्ये पिस्टन बदलायची मुदतही तासांतच दिलेली असते आणि ती मोजक्याच तासांची असते. तेरा हजारांच्या वर आरपीएम घेणारं, जेमतेम लिटरभर ऑइलवर चालणारं हे इंजिन आहे. विकणारा ‘फार चालवलेली नाही’ म्हणतो, तेव्हा तास किती आणि पिस्टन शेवटचा कधी बदलला, हे विचारावं. वही ठेवणारा मालक भेटला तर पाच-दहा हजार जास्त द्यायला मी तयार असेन.

गाडी पाहायला जाताना आधीच फोन करून सांगावं की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा सिलिंडरला हात लावावा. गरम लागला तर थंड इंजिन सुरू करताना होणारा त्रास लपवला जातोय, असं धरून चालावं. फोर-स्ट्रोकमध्ये याचं मोठं कारण व्हॉल्व्ह. वजन कमी करण्यासाठी बऱ्याच रेसिंग इंजिनांत ते टायटॅनियमचे असतात. फिल्टरमधून धूळ आत गेली की व्हॉल्व्हवरचा कडक थर झिजतो, व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल बसत जातो, त्याचं क्लिअरन्स कमी होतं आणि गाडी सुरू व्हायला कुरकुरते. पातळ शिम टाकून काही काळ निभावतं. पण एकदा थर गेला की झीज वाढतच जाते आणि शेवटी हेडचं पूर्ण काम निघतं. त्या खर्चात एक चालती आरएक्स येईल.

टू-स्ट्रोकचं दुखणं साधं आहे. पिस्टन, रिंग, गॅस्केट बदलणं हे जाणत्या हातांचं एका दुपारचं काम. फक्त सिलिंडर कशाचा आहे ते पाहावं. आरएक्सच्या सिलिंडरला आत बिडाची बाही असते, ओरखडा पडला तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येतो. आजच्या वायझेडसारख्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून निकेलचा पातळ, फार कडक थर दिलेला असतो. तिथे पेठेतला बोअरिंगवाला काही करू शकत नाही, थर पुन्हा चढवून घ्यावा लागतो किंवा सिलिंडरच बदलावा लागतो. गाडी थांबवून ठेवल्यावर आरपीएम आपोआप वर-खाली होत असतील तर क्रँकचं सील गेलंय का, हे तपासायला हवं. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर गिअरचं ऑइल इंजिनात जळत असू शकतं.

यानंतर एअर फिल्टर. विकणाऱ्यासमोर सीट उघडून फिल्टर बाहेर काढावा आणि त्याच्या मागच्या नळीत पांढरा कपडा फिरवावा. कपड्यावर लाल माती आली तर बाकी तपासणी थांबवून घरी यावं. मातीतल्या इंजिनाचा सर्वात मोठा शत्रू धूळ आहे, आणि धुळीचा पुरावा या नळीइतका स्पष्ट दुसरीकडे कुठेही मिळत नाही. सह्याद्रीतल्या गाडीत आणखी एक शोध घ्यावा, पाण्यात बुडाल्याचा. एअरबॉक्सच्या भिंतीवर चिखलाची आडवी रेघ, हेडलाइटच्या आत वाळलेला गाळ, ऑइलचा रंग दुधाळ. ओढ्यात चालू इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, आणि त्याचा आवाज यायला वेळ लागू शकतो.

बाकी तपासणी हातानं होते. गाडी ठोकळ्यावर चढवून मागचं चाक धरून वर-खाली, आडवं हलवावं. खडखड झाली तर स्विंगआर्मचे आणि लिंकेजचे बेअरिंग गेलेत. ते एकेकटे महाग नसतात, सगळे मिळून खिशाला लागतात. हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट बसलाय. पुढचे शॉकअप दाबून सीलमधून ऑइल येतं का ते पाहावं. स्पोकवर स्क्रू-ड्रायव्हर हलका मारत जावं, सैल आरा आवाजानंच कळतो. चासी खाली वाकून पाहावी, इंजिनाच्या खाली आणि फूटपेगच्या जोडापाशी, तिथे ताजा रंग असेल तर वेल्डिंगचा संशय घ्यावा.

कागदपत्रांचा भाग लांबवत नाही, पण टाळताही येत नाही. एक्सपल्स, इम्पल्स, आरएक्स या नोंदणीच्या गाड्या. आरसीवरचा चासी आणि इंजिन नंबर स्वतः पडताळावा, बँकेचा बोजा उतरला आहे ना ते पाहावं, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ट्रॅकच्या आयात गाड्यांना नोंदणी नसतेच. तिथे कस्टमची बिल ऑफ एंट्री आणि पहिल्या विक्रीचं बिल मागावं. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर, गावातल्या रस्त्यावरसुद्धा, चालवता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा आधार नाही. म्हणजे दरवेळी छोटा हत्ती किंवा पिकअप करून ती ट्रॅकपर्यंत न्यायची. हा खर्च खरेदीच्या दिवशी कुणी धरत नाही, आणि वर्षभरानं गाडी झाकून ठेवली जाते ती बहुधा याचमुळे.

मग घ्यावं काय? डोंगर पहिला आणि ट्रॅक कधीमधी असेल तर माझं मत सरळ आहे: चांगली सांभाळलेली जुनी एक्सपल्स २०० घ्यावी आणि तिला हलकी करावी. क्रॅशगार्ड, मागचं कॅरिअर, आधीच्या मालकानं जोडलेले बॉक्सचे सांगाडे काढले की कित्येक किलो एकदम उतरतात. साडीगार्ड आणि मागचे फूटरेस्ट मात्र कायद्यानं लागतात, ते ट्रॅकवरच काढावेत. पुढे २१ आणि मागे १८ इंचांची चाकं असल्यानं मातीचे चांगले टायर मिळतात. उंच शॉकअपचं कंपनीचं रॅली किट आधीच बसवलेली गाडी मिळाली तर उत्तम, पण उंची कमी असलेल्यानं ती आधी बसून पाहावी. इम्पल्स तिच्यापेक्षा वीस किलोंनी हलकी आहे आणि शिकायला मला तीच जास्त आवडते. इंजिन हिरोच्या दीडशे सीसीच्या गाड्यांतलंच असल्यानं त्याचे पार्ट मिळतात. प्लास्टिक आणि शॉकअपसाठी मात्र वणवण करावी लागते, म्हणून ते शाबूत असलेली गाडीच घ्यावी. कावासाकीची १३९ किलोंची, नोंदणी होणारी केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये ३ लाख ३० हजारांना आली आणि पुढे किंमत दोन लाखांच्या आत आली. जुन्या बाजारात ती पुरेशी दिसू लागली की माझी शिफारस बदलेल.

ट्रॅक हेच ध्येय असेल तर कावासाकीची जुनी केएक्स २५० किंवा यामाहाची वायझेड२५०एफ घ्यायच्या आधी एक-दोन मोसम अकॅडमीच्या गाडीवर काढावेत. संतोषची कोलारजवळची बिग रॉक ही अशीच एक जागा. नव्या केएक्स २५० ची किंमत आठ लाखांच्या घरात गेली होती, त्यामुळे निम्म्या किमतीत आलेली जुनी गाडी स्वस्त वाटते. इंजिनाचं काम निघाल्यावर ती स्वस्त राहत नाही. या वर्गात माझा कौल टू-स्ट्रोक १२५ ला आहे. ती ताकदीनं चूक झाकत नाही, चालवणाऱ्याला वळणातला वेग राखायला शिकवते, आणि पडली तर पंधरा वर्षांचा मुलगाही एका दमात उचलतो.

ठरलेल्या पैशातून हेल्मेट, मोटोक्रॉसचे बूट, गुडघ्याचे आणि छातीचे गार्ड यांचे पैसे आधी बाजूला काढावेत. बूट विशेष. घोटा गाडीखाली सापडणं ही ट्रेलवरची नेहमीची गोष्ट आहे आणि साध्या बुटात तो वाचत नाही.

आणि गाडी कुठे न्यायची हेही आधी ठरवावं. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग भीमाशंकर कितीही खुणावो. मुळशी-मावळात भाताच्या खाचरांच्या बांधावर चाक घालू नये. बांध फुटला की साठवलेलं पाणी वाहून जातं आणि त्या घराची लावणी वाया जाते. रिकाम्या माळासाठीही जमीनमालकाला विचारावं, बहुतेक जण हो म्हणतात. वाटा बंद होतात त्या मुख्यतः आवाजामुळे. जुन्या मोटोक्रॉस गाडीच्या सायलेन्सरमधली काचलोकर जळून गेलेली असते आणि दोन डोंगरांपलीकडे ती ऐकू येते. नवीन पॅकिंग भरायला रिव्हेट काढून एक दुपार पुरते, खर्चही फार नाही. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात, ऑइल आणि फिल्टरच्या बरोबरच, हे काम करून घ्यावं.